रुळांपलीकडची बाजू

खेळण्यांवर समीक्षा लिहावी काय, असा प्रश्न हे पान उघडताच काही वाचकांच्या मनात येईल. कथा-कादंबरीवर बोलणाऱ्या माणसाने मुलांच्या आगगाडीकडे वळावे, म्हणजे दिवाळी अंकाची पाने भरण्यासाठी काहीही चालते, असेही कोणी म्हणेल. माझे म्हणणे एवढेच, की ज्या वस्तूसमोर सात वर्षांचा नातू आणि सत्तरीचे आजोबा सारख्याच एकाग्रतेने तासभर बसून राहतात, तिच्यात काही ना काही कला असलीच पाहिजे. आणि जेथे कला आली तेथे चांगले काय, उणे काय, खरे काय आणि दिखाऊ काय, हा विचारही ओघाने आलाच.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय अनेकांनी मुलाबाळांसह पाहिले असेल. १९९८ साली ते लोकांसाठी खुले झाले. रूळ, सिग्नल, उड्डाणपूल, दिव्यांचे खांब, कुंपणे असे एक अख्खे शहरच तेथे इवल्या मापात उभे आहे. अशी मांडणी पाहताना एक गंमत घडते. पहिली पाच मिनिटे आपले डोळे गाडीवर असतात. मग गाडी डोळ्यांना सरावते आणि नजर हळूच रुळांकाठच्या वस्तीत शिरते. त्या घरात कोण राहत असेल, त्या फलाटावर कोण कुणाची वाट पाहत असेल, असे प्रश्न पडू लागतात. गाडी हा या खेळाचा नायक खरा. परंतु कथानक घडते ते घरांमुळे. मला आज बोलायचे आहे ते या घरांविषयी. आणि त्यांतही अमेरिकेत १९५० नंतर असंख्य कुटुंबांत पोचलेल्या, व आज जुन्या वळणाची म्हणून पुन्हा हौसेने मांडल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या घरांविषयी.

या घरांचे मूळ सणात आहे, हे दिवाळीच्या वाचकांना मुद्दाम सांगितले पाहिजे. जर्मन बोलणारे मोरेव्हियन पंथाचे लोक अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात येऊन राहिले. नाताळात येशूजन्माचा देखावा मांडायचा आणि त्याभोवती डोंगर, झाडे, घरे रचायची, अशी त्यांची चाल होती. तिला 'पुट्झ' म्हणत. सजवणे या अर्थाच्या जर्मन क्रियापदावरून हे नाव आले. पुढे नाताळच्या झाडाखाली विजेवर चालणारी आगगाडी आली. जोशुआ लायोनेल कोवेन याने १९०० साली न्यूयॉर्कमध्ये काढलेल्या लायोनेल कंपनीच्या गाड्या तर सणाचा भागच होऊन बसल्या. त्या गाडीभोवती मांडायला जपानहून पुठ्ठ्याची घरे येत. खिडक्यांना रंगीत पारदर्शक कागद आणि आत एक लहानसा दिवा. दुसरे महायुद्ध आले आणि ही आवक थांबली.

युद्धानंतर ती रिकामी जागा भरून काढली फिलाडेल्फियाच्या बाखमन ब्रदर्स या कंपनीने. ही कंपनी १८३३ सालची. केसांच्या नक्षीदार फण्या आणि छत्र्यांच्या मुठी करण्यापासून तिचा धंदा सुरू झाला. हस्तिदंताच्या जागी सेल्युलॉइड आले, सेल्युलॉइडच्या जागी नवे प्लॅस्टिक आले, तसा मालही बदलत गेला. नाताळच्या देखाव्यासाठी तिने आधी प्लॅस्टिकचे छोटे कुंपण काढले, मग झाडे-झुडपे, आणि १९५० च्या सुमारास घरे. या साऱ्या वस्तीला नाव दिले 'प्लॅस्टिकव्हिल'. चर्च, शाळा, अग्निशामक केंद्र, पेट्रोल पंप, बँक, टपाल कचेरी, दवाखाना, किराण्याचे मोठे दुकान, रेल्वे स्टेशन, असे एकेक करीत पेटीतून गाव बाहेर येऊ लागले. पुढे ही कंपनी हाँगकाँगच्या मालकांकडे गेली. पण प्लॅस्टिकव्हिल हे नाव आणि त्यातली कित्येक घरे आजही विकली जातात.

माझा एक जुना विद्यार्थी न्यू जर्सीत नोकरीला असतो. गेल्या खेपेस आला तेव्हा त्याने यांतले एक घर मला आणून दिले. "सर, पेटीत गोंद नाही, आणि लागतही नाही," तो म्हणाला. खरेच लागला नाही. एका भिंतीची जीभ दुसऱ्या भिंतीच्या खाचेत दाबली की कट्‌ असा आवाज होतो आणि कोपरा उभा राहतो. चार भिंती, वर छप्पर, धुराडे. पाच मिनिटांत घर तयार. रंगकाम नाही, कारण रंग प्लॅस्टिकमध्येच मिसळलेला. वितळलेले प्लॅस्टिक पोलादी साच्यात जोराने दाबून भरतात, थंड झाले की साचा उघडून भिंत काढून घेतात. साचा करणे महागाचे काम. म्हणून एकदा केलेल्या साच्यातून जितकी घरे काढावी तितकी थोडीच. वेगळेपणा हवा असला तर साचा तोच ठेवून प्लॅस्टिकचा रंग बदलायचा. एकाच्या भिंतीचा रंग दुसऱ्याच्या छपराला दिला की झाले दोन शेजारी.

आता या घरांवरचा पहिला आक्षेप पाहू. ती मापात बसत नाहीत, असे काटेकोर हौशी लोक म्हणतात. आणि हिशेबाने ते बरोबरच आहे. लायोनेलची गाडी ज्या मापाची म्हणवते त्या मापात खऱ्या वस्तूचा अठ्ठेचाळिसावा भाग घेतात. तिच्या स्पर्धेतल्या अमेरिकन फ्लायरचे युद्धानंतरचे माप चौसष्टाव्या भागाचे. बाखमनने दोन्ही गिऱ्हाइके सांभाळायला घरे दोन्ही मापांना चालतील अशी म्हणून विकली; म्हणजे ती एकालाही नेमकी बसली नाहीत. पण हा आक्षेप फार दूर नेता येत नाही. प्लायवुडची फळी आठ फूट लांब असते. अठ्ठेचाळिसाच्या हिशेबाने ती झाली ३८४ फूट. आपल्या एखाद्या बऱ्याशा शाळेचे पटांगण तेवढे असते. एवढ्या जागेत स्टेशन, चर्च, बाजार, दहा घरे आणि वर गाडीची फेरी! खरा एक मैल याच मापाने दाखवायचा तर ११० फूट फळी लागेल. तेव्हा माप पाळल्याचा दावा करणारी मांडणीसुद्धा अंतराच्या बाबतीत थापच मारीत असते. कादंबरीकारही वीस वर्षे तीनशे पानांत बसवतो. प्रश्न थापेचा नाही; थाप कशासाठी मारली, हा आहे.

आपल्या मुलांना हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला होतो, त्यावर हळीव पेरून हिरवळ उगवतात आणि मग मावळे मांडतात. पहाऱ्यावरचा मावळा बुरुजाहून उंच असतो, गुहेतला वाघ दरवाजाहून मोठा असतो, आणि सिंहासनावरचे महाराज तर साऱ्या बालेकिल्ल्याएवढे. कुणाही मुलाला त्यात विसंगती दिसत नाही, कारण तेथे माप इंचाचे नसते, मानाचे असते. प्लॅस्टिकव्हिलची चकचकीत घरे याच जातीची आहेत. ती खऱ्या घराची नक्कल असल्याचा आव आणीत नाहीत. आपण खेळणे आहोत हे कबूल करून ती समोर बसतात. हा त्यांचा पहिला गुण, आणि माझ्या मते मोठा गुण.

आजचे सजावटकार मात्र या गुणालाच दोष समजून कामाला लागतात. छपरावर पातळ काळपट रंगाचा हात फिरवायचा, खडूची पूड चोळून चकाकी मारायची, धुराड्याखाली काजळीचा ओघळ काढायचा, भिंत आणि जमीन यांमधली फट गवताच्या भुशाने बुजवायची. यातले शेवटचे काम मला पटते. घर जमिनीवर नुसते ठेवलेले दिसू नये, ते तेथे रुजलेले दिसावे. दिव्याचेही तसेच. आत दिवा लावला की पातळ प्लॅस्टिकच्या भिंतीच कंदिलासारख्या पेटलेल्या दिसतात. म्हणून जाणते लोक भिंतींना आतून काळा रंग देतात किंवा जाड कागद चिकटवतात, आणि मग उजेड खिडकीतूनच बाहेर येतो. ही खरी कारागिरी झाली. पण मुद्दाम जुनेपणाचा लेप चढवण्यात पुष्कळदा एक खोटी हळहळ असते. जे घर कधी पावसात भिजले नाही, त्याच्यावर पागोळ्यांचे डाग!

या हळहळीला एक विशिष्ट काळ लागतो. अमेरिकेतल्या पुष्कळ मांडण्या १९४५ ते १९६० या पंधरा वर्षांतल्या असतात. त्याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे: त्या काळात वाफेची आणि डिझेलची इंजिने एकाच मार्गावर धावत होती, त्यामुळे हौशी माणसाला दोन्ही चालवता येतात. १९६० पर्यंत तेथील मुख्य मार्गांवरून वाफेचे इंजिन जवळजवळ नाहीसे झाले. पण दुसरे कारण मनाचे आहे. ती वर्षे म्हणजे युद्ध संपून घरोघरी सुबत्ता आलेली, गावे नीटनेटकी असलेली, शेजारी शेजाऱ्याला ओळखणारी वर्षे, असे एक चित्र त्या समाजाच्या मनात बसले आहे. प्लॅस्टिकची ही घरे मांडणारा माणूस ते चित्र मांडत असतो. आणि येथेच समीक्षकाने थांबून विचारले पाहिजे, की हे चित्र कुणाचे?

प्लॅस्टिकव्हिलच्या राहत्या घरांत दोन नमुने ठळक आहेत. एक केप कॉड पद्धतीचे, उतरत्या छपराचे टुमदार घर. दुसरे रँच पद्धतीचे, बैठे आणि लांबट. नेमके हेच दोन नमुने घेऊन विल्यम लेविट या बांधकाम व्यावसायिकाने १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लेविटटाउन उभारले. १९५१ पर्यंत तेथे सतरा हजारांहून अधिक घरे झाली. बांधकामाचे लहान लहान टप्पे पाडायचे, एका टोळीने सगळीकडे एकच काम करीत पुढे जायचे, भाग आधीच कापून आणायचे, अशी त्याची रीत. खेळण्याचा कारखाना आणि घरांचा कारखाना यांत तत्त्वाचा फरक उरला नव्हता. १९५२ मध्ये लेविटने दुसरे लेविटटाउन काढले, ते पेनसिल्व्हेनियात, बाखमनच्या फिलाडेल्फियापासून जवळच.

या सुंदर गावांना एक नियम होता. लेविट कृष्णवर्णीयांना घर विकत नसे. १९५७ च्या ऑगस्टमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय जोडपे मुलांसह पेनसिल्व्हेनियातल्या लेविटटाउनमध्ये राहायला आले. घर त्यांनी कंपनीकडून नव्हे, आधीच्या मालकाकडून घेतले होते. रात्री घरासमोर शेकड्यांनी जमाव गोळा होऊ लागला, दगड आले, खिडक्या फुटल्या. हे कित्येक दिवस चालले. शेवटी राज्य सरकारला न्यायालयात जाऊन छळ करणाऱ्यांना मनाई करावी लागली. मायर्स कुटुंब तेथेच राहिले. त्यांच्या बाजूने उभे राहिलेले शेजारीही होते, हेही सांगितले पाहिजे.

खेळण्यावर खटला भरण्याचा माझा विचार नाही. बाखमनच्या पेटीवर कुणाला बंदी नव्हती. पण १९५७ साली ज्या घराच्या काचा फुटल्या, तशाच वळणाची घरे त्याच वर्षी नाताळच्या झाडाखाली दिवा लावून मांडली जात होती, एवढे ध्यानात ठेवून मी मांडणीकडे पाहतो.

अमेरिकेत बोलण्यात एक प्रयोग रूढ आहे: अमुक माणूस रुळांच्या भलत्या बाजूचा आहे, असे म्हणतात. तेथील कित्येक गावे रेल्वेमुळे वसली आणि रुळांनीच दुभागली. एका बाजूला दुकाने, चर्च, सावकारांचे बंगले. पलीकडे मजुरांच्या चाळी, परक्या देशांतून आलेले, कृष्णवर्णीय, ज्यांच्या अंगणावर धूर यायचा ते. रूळ ही नुसती गाडीची वाट नव्हती. ती गावाची वेस होती. आता झाडाखालची मांडणी पाहा. रूळ लंबगोल असतात आणि गाव त्या लंबगोलाच्या आत असते. चर्च आत, शाळा आत, सगळी घरे आत. बाहेर काय? फळीची कड, आणि मग दिवाणखान्याची फरशी. या गावाला रुळांपलीकडची बाजूच नाही. आगगाडी त्याभोवती कुंपणासारखी फिरत राहते. माझ्या दृष्टीने या साऱ्या कलेतले सर्वांत मोठे उणे ते हेच, आणि ते काजळीचे कितीही ओघळ काढून भरून येत नाही.

मराठी वाचकाला हे चटकन कळावे. आपल्या साहित्यातही गावाचे चित्र बराच काळ गावकुसाच्या आतूनच रंगवले गेले. पार, देऊळ, वाडा, नदीचा घाट. सारे सुंदर आणि सारे आतले. अण्णाभाऊ साठ्यांची 'फकिरा' १९५९ मध्ये आली, १९६३ मध्ये बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह आला, पुढे १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' आले, आणि कुसाबाहेरची वस्ती पुस्तकात आली ती तिथल्याच माणसांच्या लेखणीने. त्यानंतर गावावर कादंबरी लिहिणाऱ्याला पार आणि देऊळ सोडून द्यावे लागले असे नाही. पण वेशीबाहेर पाहिलेच नाही असे म्हणण्याची सोय उरली नाही. ही कसोटी कादंबरीला लावायची आणि गावाच्या दुसऱ्या चित्रांना सवलत द्यायची, हे मला न्यायाचे वाटत नाही.

यावर एक उत्तर येईल: सणाच्या खेळात दुःख कशाला आणता? मुलांना आनंद करू द्या. मी शाळेत शिकवतो. मुलांच्या आनंदाचा मी वैरी नाही. पण मुले खेळात दुःखाला घाबरतात, ही मोठ्यांची समजूत आहे. किल्ल्यावर लढाई नसेल तर मुलाला तो किल्ला वाटत नाही. आणि खेळण्यात सारे गोडच हवे, असे खेळणी करणारेही मानत नाहीत. जर्मनीतल्या फोल्मर कंपनीने आगगाडीच्या मांडणीसाठी चक्क जळते आयकर कार्यालय विकायला काढले. छपरातून धूर येण्याचीही सोय केली! त्या एका इमारतीने किती मांडण्यांत जीव आणला असेल. कारण काहीतरी घडते आहे, कुणाचे तरी काहीतरी बिघडले आहे, असे दिसले की गाव खेळातलेही खरे वाटू लागते.

त्याच देशातल्या फालर कंपनीचे उदाहरण आणखी बोलके आहे. हेर्मान आणि एडविन या फालर बंधूंनी १९४६ मध्ये ब्लॅक फॉरेस्टमधल्या ग्यूटेनबाख या गावी ती सुरू केली. बाहेर शहरेच्या शहरे बाँबने पडलेली, आणि हे दोघे इवली घरे करू लागले. त्यांच्या घरांत लाकडी चौकटींची जुनी टुमदार घरे भरपूर होती. मोडलेला देश मनात सावरण्याचा तो एक मार्ग असेल. पण १९६१ मध्ये त्यांनी टिचिनोमधला बंगला म्हणून जे घर काढले ते स्वित्झर्लंडमधल्या अम्ब्री येथील एका खऱ्या, त्या वेळी अगदी नव्या वळणाच्या घरावरून घेतलेले होते. मोठ्या काचा, तिरपे छप्पर. आज ते जुन्या काळची आठवण म्हणून मांडतात. निघाले तेव्हा ते उद्याचे स्वप्न होते. प्लॅस्टिकव्हिलचेही तसेच. त्यातला पेट्रोल पंप आणि मोठे दुकान त्या वेळी जुने नव्हते, नवेच होते. त्या घरांना 'जुन्या वळणाची' हे नाव काळाने दिले आहे, आणि त्याबरोबर भाबडेपणाही आपणच त्यांना चिकटवला आहे.

मग सजावट करणाऱ्याने काय करावे? घरे फेकून द्यावीत, असे मी मुळीच म्हणणार नाही. त्यांचा रंग, त्यांची कट्‌ करून बसणारी खाच, त्यांचा निर्मळ चकचकीतपणा, हे सारे राहू द्यावे. त्यांना म्हातारे करण्याची घाई नको. फळीवर वीस इमारती कोंबण्यापेक्षा आठ मांडाव्यात आणि मध्ये मोकळी जमीन ठेवावी, म्हणजे नजरेला चालायला जागा राहील. प्रत्येक घरापासून एक पायवाट निघावी आणि ती कुठेतरी पोचावी. शाळेत जाणारे मूल कुठून येते, स्टेशनावर हमाली करणारा माणूस रात्री कुठे जातो, हे मांडणाऱ्याला माहीत असावे. पाहणाऱ्याला ते न सांगताही कळते.

आणि एक तरी घर लंबगोलाच्या बाहेर मांडावे. फळीची कड थोडी वाढवावी लागेल, दुसरी एक लहान फळी जोडावी लागेल; तो खटाटोप करण्यासारखा आहे. तेथे त्याच साच्यातले, त्याच रंगाचे घर ठेवावे. आत दिवा असावा, कारण तिकडेही सण असतो. रुळांवरून तेथे जायला एक फाटक असावे आणि ते उघडे असावे. गाडी येईल तेव्हा ते बंद होईल, गाडी गेली की पुन्हा उघडेल. मूल पहिल्यांदा गाडीकडे पाहील, मग घरांकडे, आणि मग केव्हातरी विचारील, "ते एकच घर पलीकडे का?" घरातल्या मोठ्यांनी त्याला खरे उत्तर दिले, तर आठ फूट प्लायवुडचे सार्थक झाले असे मी म्हणेन.